उत्तरेच्या भिंतीलगत

थॉर्नशॉ
बुधवार, ९ मार्च १८८७

लायनेल,

नमस्कार-चमत्कार राहू देत. तुझी तार मिळाली. 'काही करू नकोस. सगळी व्यवस्था लंडनहून होईल.' बाप गेल्याचं कळवलं तर पोटच्या पोराचं उत्तर हे! तारेला शब्दामागे पैसे पडतात हे मला ठाऊक आहे, पण एखादा 'अरेरे' तुला परवडला असता.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. पपा काल सकाळी गेले. न्याहारीला अर्धं अंडं खाल्लं, उरलेलं कुत्रीला दिलं, खुर्चीत मागे टेकले आणि गेले. त्रास झाला नाही. मी होते, कुत्री होती. तू नव्हतास. बाथ शहरात मम्माला पुरलं त्या दिवशी 'हेस्टरनं जनरलचा खेडवळ म्हातारा करून टाकला' म्हणून जो तणतणत गेलास, तो आजतागायत उगवला नाहीस. मी करून टाकला म्हणे! अरे, त्यांना कुणी काही करून टाकेल असे होते का ते? लंडन त्यांनी स्वतः सोडलं आणि आजोबांच्या गावात, जिथं आपण लहानपणी सुट्टीला यायचो, तिथं येऊन राहिले. का ते मलाही कधी सांगितलं नाही.

आता नीट वाच. पपा लंडनला येणार नाहीत. गेल्या शरदात पाद्री फिशविक चहाला आले होते, त्यांच्यासमोर पपा मला म्हणाले, "हेस्टर, मला कॅथेड्रलबिथेड्रलमध्ये नेऊ देऊ नकोस. इथंच ठेव. उत्तरेच्या भिंतीलगत, हॉलीच्या झाडाखाली. तिथं जोब हिंडल आहे. त्याच्या शेजारी." जोब हिंडल कोण, विचारलं तर म्हणाले, "माझ्या पलटणीतला शिपाई." पुढं एक शब्द नाही.

उत्तरेची बाजू म्हणजे काय ते विसरला नसशील. चर्चची सावली पडते, वर्षभर ओल असते. बाप्तिस्मा न झालेली मुलं, वाटेवर मेलेले भिकारी, जिवाचं बरंवाईट करून घेतलेले, असे सगळे तिकडे. हा जोबही कुणी गरीब बिचारा असेल. आणि ज्याच्या छातीवर पदकं मावत नव्हती तो माणूस त्याच्या शेजारी जागा मागतो! मला रडू आलं, लायनेल. अभिमानानं आलं.

मृत्युपत्रात व्यवस्थापक तू आहेस, मला ठाऊक आहे. पण शवपेटी माझ्या दिवाणखान्यात आहे आणि दिवाणखान्याची किल्ली माझ्या खिशात. शनिवारी दुपारी पपा मातीत जातील. तुला यायचं तर ये.

हेस्टर

*

गुरुवार, १० मार्च

कर्नल ऑर्मरॉड यांस,

चांगलं चार पानी पत्र लिहिलंस. बाप जिवंत असताना एवढं कधी लिहिलं नव्हतंस. राणीसाहेबांचा निरोप, युद्धखात्याची इच्छा, कॅथेड्रलच्या तळघरात मोठमोठ्या सेनापतींच्या रांगेत जागा. 'हा केवळ आपल्या घरचा प्रश्न नाही' म्हणे. बरोबर आहे. आपलं घर होतंच कुठं? पपा, मी आणि कुत्री, एवढंच होतं.

आणि तू मला वर्तमानपत्राचं कात्रण पाठवतोस! 'सैनिकांचा बाप गेला.' अरे, हे मला तू शिकवणार? क्रिमियाच्या बर्फात त्यांनी पलटण जगवली, चीनच्या नदीवर छातीएवढ्या पाण्यातून माणसं पलीकडे नेली, हे शाळेतली पोरंही म्हणून दाखवतात. त्यांच्या नावाच्या दारूच्या खानावळी आहेत, त्यांच्या तोंडाचे चिनी मातीचे पुतळे जत्रेत विकतात, नाक तेवढं दुसऱ्याच कुणाचं लावलेलं. पण फौजेतले फटके बंद करा म्हणून चौकशी समितीपुढं ते उभे राहिले, तेव्हा ह्याच लोकांनी काय केलं? 'माणसाच्या पाठीची सालटी काढून शूर शिपाई तयार होत नाही,' एवढंच ते म्हणाले होते. तर तुझे क्लबातले जनरल त्यांच्याशी बोलेनासे झाले. कुणी म्हणालं म्हातारा हळवा झाला, कुणी म्हणालं बायकी झाला. आणि तू, लायनेल, तू त्या वर्षी नाताळला आला नाहीस. बढती अडेल म्हणून. आता तेच लोक तोफेच्या गाड्यावरून मिरवणूक काढणार आणि तू पुढं चालणार. शोभेल हो तुला काळा कोट.

तुझ्या बायकोचं, अॅडलेडचं, वेगळं पत्र आलं. 'आपल्यासारख्या घरातल्या स्त्रिया कबरीपर्यंत जात नाहीत, पडदे ओढून घरात बसतात, याची तुम्हाला आठवण द्यावी असं वाटलं.' तिला सांग, पपांचं अंग पुसताना, त्यांचं भांडं उपसताना कुणाला माझ्या घराण्याची आठवण झाली नाही. आता कबर आली तर मी नाजूक झाले होय? इथं गावात बायका जातात. मीही जाणार.

पाद्री फिशविकांनीही नाकानं कांदे सोलून पाहिले. "मिस हेस्टर, जनरलसाहेब आणि उत्तरेला? लोक काय म्हणतील? दक्षिणेला मोठ्या दाराशी उत्तम जागा आहे."

मी म्हटलं, "तुमच्या देखत मागितली ना त्यांनी ती जागा?"

"मागितली खरी, पण त्या दिवशी त्यांची तब्येत..."

"त्या दिवशी त्यांनी तुम्हाला बुद्धिबळात दोनदा हरवलं होतं."

तेव्हा कुठं हो म्हणाले. कबरी खणणारा एनॉक उद्या कामाला लागेल.

आणि हे मयत गावच्या रीतीनं होणार. छापील काळ्या काठाची कार्डं नाहीत की भाड्याचे रडे नाहीत. क्लेगबाई आज सकाळपासून बोलावणं करत फिरते आहे. पायात दम नाही तरी काठी टेकत फिरते आहे. तू लहानपणी तिच्या मागं मागं जायचास. दाराशी उभी राहून ती म्हणायची, "शनिवारी अमक्याला पोचवायला या." बोलावणं आलं की त्या घरातून माणूस निघालंच पाहिजे, मग कापणी असो नाहीतर बाळंतपण. आणि बोलावल्याशिवाय कुणी येत नाही. पपा दर बोलावण्याला जायचे. माळ्याचं तान्हं गेलं तेव्हाही उघड्या डोक्यानं पावसात उभे होते.

हेस्टर

*

शुक्रवार, ११ मार्च

लायनेल,

तुझा मेजर आला. बरोबर लंडनचे दोन पेटीवाले, काळ्या टोप्यांना काळे रेशमी पदर. मी दार उघडलं तर माझ्यामागं कुणी पुरुष आहे का ते बघत होता.

"मॅडम, मला जनरलसाहेबांना ताब्यात घेण्याचा हुकूम आहे."

"ते काय कैदी आहेत?"

"तसं नव्हे. सन्मानानं न्यायचं आहे."

"सन्मानानं आत या, बूट पुसा आणि मटण भरून भाजलेली पोळी खा. किल्ली मिळणार नाही."

खाल्लीन बाबा! दोनदा वाढून घेतली. पोरगा वाईट नाही, तुझ्यासारख्यांच्या हाताखाली सापडला एवढंच. तो म्हणाला, दार फोडायचा हुकूम त्याला नाही. मग तार करायला स्टेशनवर गेला आणि भिजून परत आला. आता गावच्या खानावळीत उतरला आहे. उद्याचं होईपर्यंत तिथंच बसेल बिचारा.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. एनॉकनं हॉलीखाली खड्डा खणला. माती चिकट आहे म्हणून शिव्या देत होता. मयताला येणाऱ्यांना वाटायची बिस्किटं भाजून कागदात बांधली. दाराशी ठेवायच्या टोपलीसाठी बॉक्सच्या झुडपाच्या डहाळ्या तोडल्या. प्रत्येकानं एक उचलायची आणि कबरीत टाकायची. पेटी उचलायला गावातलेच आठजण आहेत, सगळ्यांचे बाप किंवा काका पपांच्या पलटणीत होते. त्यांचा म्होरक्या सेथ, चाकं करणारा. तो म्हणाला, "गाडा कशाला हवा, मिस हेस्टर? खांद्यावरच नेऊ."

क्लेगबाई संध्याकाळी आली आणि खुर्चीत कोसळली. मी तिला रम घालून चहा दिला. म्हणाली, "झालं गं पोरी. अख्खं गाव सांगून आले. एक दार सोडून, ते काही धरायचं नसतं." मी विचारलं नाही कुठलं. माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं! मला इतका आनंद झाला होता, लायनेल, बाप गेल्यावर इतका आनंद व्हावा याची लाज वाटावी इतका. आयुष्यात एकदा तुझ्यावर, तुझ्या खात्यावर, सगळ्यांवर माझी सरशी झाली होती.

हेस्टर

*

शनिवार, १२ मार्च

लायनेल,

पपा मेजरबरोबर निघाले आहेत. हे पत्र पोचेल त्याआधी ते तुझ्याकडे पोचलेले असतील. किल्ली मी स्वतः दिली. तुला वाटेल बाई ताळ्यावर आली. तुला काय वाटतं त्याची मला आज काडीची पर्वा नाही, पण काय झालं ते तू वाचणार आहेस. शेवटपर्यंत वाचायचं. पत्र शेकोटीत टाकलंस तर मी पुन्हा लिहीन, आणि तिसऱ्यांदा अॅडलेडला लिहीन.

आम्ही दोन वाजता निघालो. गाव लोटलं होतं. आठजणांच्या खांद्यावर पेटी, मागून मी एकटी, माझ्यामागं सगळे.  मेजरही मागं टोपी काढून चालत होता. चर्चच्या आवाराच्या दाराशी पाद्री पुस्तक उघडून उभे होते. ते प्रार्थना म्हणत पुढं निघाले, आम्ही उत्तरेकडे वळलो, आणि सेथ थांबला.

हॉलीखाली, खणलेल्या खड्ड्याच्या अगदी काठावर, तिपाई टाकून एक म्हातारी बसली होती. डोक्यावर शाल, हातात विणकाम. सुया चालल्याच होत्या. मी तिला रोज बघते. नॅन हिंडल, ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात राहते. हिंडल! आडनाव माझ्या कानावरून हजारदा गेलं असेल, पण माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. मोठी शहाणी मी!

पाद्री म्हणाले, "नॅन, बाजूला हो."

"का?"

"जनरलसाहेबांना इथं ठेवायचं आहे."

"इथं माझा भाऊ आहे. त्याच्या शेजारी ह्याला नाही ठेवायचं."

मी पुढं झाले. मला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. मी गोड आवाज काढला. तो आवाज आठवला की आता माझं मलाच थोबाडावंसं वाटतं. "नॅनबाई, हा तुमच्या भावाचा मान आहे. एवढा मोठा माणूस, त्यानं मरताना तुमच्या भावाची आठवण काढली."

"काढली का? बरं झालं. तीस वर्षं मला वाटत होतं विसरला."

सुया थांबल्या. मग तिनं सांगितलं, लायनेल, सगळ्या गावासमोर, एकदाही आवाज न चढवता. जोब एकोणिसाचा. क्रिमियातला हिवाळा. सलग तीन रात्री पहाऱ्यावर उभा, कारण बदलीचा शिपाई तापानं मेला होता आणि दुसरा कुणी पाठवलाच नाही. चौथ्या रात्री उभ्या उभ्या झोपला. कर्नलसाहेब स्वतः फेरीवर आले होते. कर्नल म्हणजे आपले पपा. पन्नास फटके. पलटण चौकोनात उभी करून, ढोलाच्या ठोक्यावर. "अर्धी पलटण ह्याच गावची. ह्या सेथचा बाप मोजत होता," नॅन म्हणाली. सेथनं मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं! गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला.

"घरी आला तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना," नॅन म्हणाली. "विणकराचं पोर. धोटा फेकता येईना. मी फेकायचे, तो बघत बसायचा. एक दिवस मी सूत आणायला गेले, आले तर मागाच्या तुळईला."

मी काय बोलले सांगू? लाज सोडून सांगते. मी म्हटलं, "पण पपांनी फटके बंद करवले! फौजेतून कायमचे!"

"हो, ऐकलंय. माझ्या भावाच्या पाठीवर शिकला आणि मग दुसऱ्यांच्या पाठी वाचवल्या. वाचल्या त्यांनी द्यावी की त्याला जागा."

कुणीतरी मागं खोकलं. मला राग आला होता, तिचाच आला होता, खरं सांगते. माझ्या बापाची पेटी माणसांच्या खांद्यावर अडकून पडली होती. मी म्हटलं, "त्यांना पश्चात्ताप झाला होता. म्हणून तर ही जागा मागितली. तुम्हाला दिसत नाही का?"

तेव्हा ती उठली. माझ्या खांद्याएवढी आहे फक्त. "तुझा बाप दर रविवारी माझ्या दारावरून चर्चला जायचा. दर रविवारी टोपी काढायचा. मी दारात उभी असायचे, वाट बघत. आज बोलेल, आज बोलेल. नुसती टोपी! तोंड उघडायला काय झालं होतं त्याला? मी काय त्याला खाणार होते? आता मेल्यावर माझ्या भावाशेजारी येऊन झोपणार, म्हणजे लोक म्हणणार बघा किती थोर! जोबला कुणी विचारलं? अंधारात पुरला त्याला, प्रार्थनेशिवाय. तेव्हा ह्या गावातलं कोण आलं होतं?"

मग ती क्लेगबाईकडे वळली. "आणि गं लिझी क्लेग, काल माझ्या दारावरून दोनदा गेलीस. बोलावणं का नाही केलंस?"

क्लेगबाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "का नाही केलंस?"

"अगं, रीत आहे ती," क्लेगबाई रडकुंडीला आली. "ज्या घरात माणसानं स्वतःचा जीव घेतला त्या घराला बोलावणं जात नाही. अपशकुन असतो. माझ्या आईनं नाही केलं, मी कसं करू?"

ऐकलंस? तीस वर्षं ह्या गावात मयताचं एकही बोलावणं त्या दाराला गेलेलं नाही. तिची सख्खी मावशी गेली तरी नाही. वाळीतच टाकलं की तिला. फटके पपांनी मारवले आणि वाळीत पडली ती. पपा मात्र दर बोलावण्याला हजर! उघड्या डोक्यानं पावसात उभे! रांगेत ती नाही हे त्यांना दिसत नव्हतं? माळ्याच्या तान्ह्यासाठी डोळे पुसणारा माणूस, त्याला ओढ्याकाठचं एक दार दिसलं नाही? दिसत होतं, लायनेल. म्हणून तर टोपी काढायचे.

सेथनं पेटी खाली ठेवली. बाकीच्यांनीही ठेवली. चिखलातच. "मिस हेस्टर, जिचा माणूस तिथं आहे ती नको म्हणते, तर आम्हाला पुढं जाता येत नाही."

"आत्ता सुचलं का रे तुम्हाला?" मी ओरडले. "तीस वर्षं तिच्याकडे ढुंकून बघितलं नाहीत आणि आज तिचा मान राखता?"  मी कुणाकुणावर ओरडले ते मला आठवत नाही. शेवटी मी पेटीवर ओरडले. सगळ्या गावासमोर मी माझ्या मेलेल्या बापाला म्हटलं, "जिवंतपणी जायचं होतं तिच्या दारी! चार पावलांवर होतं! मला कशाला पुढं घातलंत?" नदी ओलांडून गेला हा माणूस, गोळ्यांच्या पावसात. ओढा ओलांडता आला नाही. आणि जे आपल्याच्यानं झालं नाही ते माझ्या गळ्यात मारून अंडं खाऊन निघून गेले.

पाद्री हळूच म्हणाले, "दक्षिणेची जागा अजून आहे. तासाभरात खणून होईल."

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. तेवढ्यात नॅननं तिपाई उचलली आणि चर्चच्या दाराकडे बघितलं. तिची रविवारची वाट तिकडूनच आहे. दर आठवड्याला तिनं त्यांच्या नावाच्या दगडावरून जायचं? जिवंतपणी टोपी बघितली, आता दगड बघायचा? मी 'नाही' म्हटलं. मेजरला हाक मारली. म्हटलं, "घेऊन जा. इथं त्यांची जागा नाही."

पोरगा चांगला आहे.  पेटीवाल्यांनी पेटीचा चिखल पुसला.

तर आता ते तुझे, लायनेल. तुला हवे होते ना? मिरव.

हेस्टर

*

शुक्रवार, २५ मार्च

लायनेल,

तुझं पत्र आणि वर्तमानपत्रं मिळाली. वाचलं सगळं. तोफेचा गाडा, आठ घोडे, मागून त्यांचा म्हणून कुणा तिऱ्हाइताचा घोडा, रिकाम्या रिकिबीत उलटे बूट. रस्त्यावर लोक रडले म्हणे. रडले असतील, त्यांच्या बापाचं काय गेलं होतं रडायला! परत येताना बँडनं उडती चाल वाजवली हे तू लिहिलेलं नाहीस, पण ती वाजवतातच. शिपायाला पोचवायला सावकाश जायचं आणि परत पाय उचलत यायचं. पपाच सांगायचे.

तू लिहितोस, 'शनिवारच्या प्रकाराची वाच्यता होणार नाही याची मेजरला ताकीद दिली आहे.' मला देऊन बघ ना ताकीद. आणि वर विचारतोस, गावच्या चर्चमध्ये पपांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची, मजकूर मी सुचवावा. 'सैनिकांचा बाप' हे शब्द यावेत म्हणे. पाद्री फिशविकांना मी सांगून आले आहे, पाटी आली तर मी हातोडी घेऊन येईन. ते घाबरून हो म्हणाले. तेव्हा संगमरवराचा खर्च करू नकोस.

आणि मला विचारतोस, 'तू पपांचा एवढा राग का करतेस? शेवटी बाप होता.' म्हणूनच करते, मूर्खा! परका असता तर मला काय पडली होती? त्यांच्या पायाशी मी बावीस वर्षं बसले. त्यांची प्रत्येक गोष्ट मला ठाऊक आहे असं वाटायचं. त्यांना दूध किती गरम लागतं ते ठाऊक, कुठल्या गुडघ्यात कळ येते ते ठाऊक. आणि हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यावर फार प्रेम केलं आणि अजून करते. त्याचाच मला संताप येतो.

मागच्या रविवारी मी नॅनच्या दारी गेले. चर्च सुटल्यावर, सगळ्यांच्या देखत. दार तिनं वीतभर उघडलं.

"काय?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या वतीनं माफी मागायला आलेय."

"त्याच्या वतीनं?" ती म्हणाली. "ती तुझ्याकडे कुठून आली? त्याची होती, तो घेऊन गेला." आणि दार लावलं. मी घरी आले.  रागावले नाही तिच्यावर. ती म्हणाली ते खरंच होतं.

सोमवारी गिरणीवाला जेठ्रो गेला. मंगळवारी क्लेगबाई आली बोलावणं घेऊन, माझ्या उंबऱ्यावर उभी. मी विचारलं, "नॅनकडे गेलीस?"

"अगं, पुन्हा तेच काय? तुला सांगितलं ना रीत."

"मग माझ्याही दारी येऊ नकोस."

"म्हणजे?"

"तिचं घर जसं, तसंच माझं घर. तिच्या दारी बोलावणं जाईल त्या दिवशी माझ्याकडे ये. तोवर हे दार धरायचं नाही."

क्लेगबाईनं छातीवर हात ठेवला. "मिस हेस्टर, तुम्ही ऑर्मरॉड! उद्या तुमचंच काही झालं तर पेटी उचलायला कोण येईल?"

"न येईना कुणी. लंडनहून माझा भाऊ येईल तोफेचा गाडा घेऊन."

ती तणतणत गेली. सेथ येऊन समजावून गेला. पाद्री येऊन गेले. हट्टी म्हणाले मला. आहेच मी हट्टी, कुणाची मुलगी आहे!

काल जेठ्रोचं मयत निघालं. खिडकीतून मी बघत होते. एकेका दारातून माणसं बाहेर पडत होती, बायका शाली सारख्या करत होत्या. जेठ्रोनं मला लहानपणी पिठाच्या पोत्यावर बसवून गिरणी दाखवली होती. मला जायचं होतं रे. इतकं जायचं होतं की दाराची कडी मी दोनदा हातात धरली. घंटा वाजायला लागली आणि रस्ता ओस पडला. घरात बसवेना म्हणून बादली घेऊन पंपावर गेले.

नॅन तिथं होती. अख्ख्या रस्त्यात आम्ही दोघीच.

"तू गेली नाहीस?" तिनं विचारलं.

"बोलावणं नव्हतं."

"तुला नव्हतं? लिझी क्लेगची काय मती फिरली?"

"मीच नको म्हटलं. तुमच्या दारी जाईपर्यंत."

तिनं पंप मारायचं थांबवलं.  मला वाटलं आता काहीतरी बोलेल, चांगलं नाहीतर वाईट. घंटा चालूच होती.

"मग बस घरात," ती म्हणाली आणि बादली उचलली. "होते सवय."

हेस्टर